चार गटांचं मौन

अन्याय झाला तो आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईवर. केव्हा, तेही सांगून ठेवते, कारण "तेव्हा काळच तसा होता" असं म्हणून सगळे सुटतात. साल २००९, मे महिन्यातला दुसरा शुक्रवार, दुपारची जेवणं उरकल्यावर, दुबईत ऊद मेथामधल्या एका हॉलमध्ये. एसी इतका गार होता की बायका पदर आणि ओढण्या अंगाभोवती लपेटून बसल्या होत्या. चार गटांच्या चार प्रमुखांनी हात वर केले आणि तिचं नाव भरतीतून काढून टाकलं. एकमताने. नियमाप्रमाणे. कुणी खोटं बोललं नाही, कुणी लबाडी केली नाही, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. आवाज चढवला तो मी एकटीने.

भरती कसली, ते आधी.

आदल्या सप्टेंबरात मी पुण्याहून दादा-वहिनीकडे अबुधाबीला आले होते. दादाच्या ओळखीने एका कन्सल्टन्सीत नोकरी ठरली होती. मी उतरेपर्यंत त्या ऑफिसच्या काचांना आतून कागद चिकटवलेले होते. "थांब थोडं. मार्केट सुधारेल, इन्शाल्ला," दादा म्हणाला आणि मी खलिफा सिटीतल्या त्यांच्या घरी, सहा वर्षांच्या भाचीच्या खोलीत गादी टाकून राहिले. पुण्यात कॉलेजची सगळी वर्षं मी संघटनेची पत्रकं लिहिण्यात आणि वाटण्यात घालवली होती, म्हणून दादाने विमानतळावरच बजावलं होतं, "इथे पत्रक-बित्रक काही नाही. कुणाच्या वायपरखाली मराठी कागद दिसला तर मी तुला ओळखत नाही. यल्ला, चल, बस गाडीत."

घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचा तुकडा. मालकाने मधे पातळ भिंती घालून पाच बिऱ्हाडं केली होती. खाली आम्ही, वर ती, मागे आणखी तीन. आमचं छत ती तिची फरशी. वरून चमचा पडला तरी आम्हाला कळायचं, तो स्टीलचा की प्लास्टिकचा.

वहिनी एका गटात होती. आमच्या भागात मराठी बायकांचे असे चार गट होते आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक समिती ऊद मेथाला बसायची. गट म्हणजे श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा, संक्रांतीत हळदी-कुंकू, असं कागदावर. खरं म्हणजे गट म्हणजे सगळंच. मुलाला ताप आला आणि नवरा साइटवर असला तर गाडी कोण काढणार? गट. शाळेत जागा आहे का, कुठल्या डॉक्टरबाई हिंदी बोलतात, कुणाचा फ्रिज विकायचा आहे? गट. तिथे माहेर नाही, सासर नाही, शेजारी तर कोणत्या देशाचा निघेल सांगता येत नाही. गटात नसलेली बाई संध्याकाळी खिडकीत उभी असायची, एवढाच तिचा कार्यक्रम.

हळदी-कुंकू हा प्रकारच मला मान्य नाही. नवरा असलेल्या बायकांना बोलवायचं आणि नसलेल्यांना गाळायचं, याला मी सण म्हणत नाही. ते भांडण मी वहिनीशी वेगळं घातलेलं आहे. इथे मुद्दा दुसरा आहे.

पूर्वी म्हणे या गटांत नव्या बायकांवरून उघड ओढाताण चालायची. मोठ्या हुद्द्यावरच्या साहेबाची बायको यायची असली की दोन दोन गट विमानतळावर गजरे घेऊन हजर. कुठल्या गटाने वाणात चांदीचा करंडा दिला, तर दुसऱ्याने सुक्यामेव्याची पेटी. आणि ड्राफ्ट्समनची बायको आली की दोन दोन वर्षं तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही. या प्रकाराला कंटाळून समितीने नियम केले. ते नियम वहिनीने मला वाचायला दिले तेव्हा मी थक्क झाले होते, हे कबूल करायला मला लाज नाही. "वहिनी, हे आमच्या संघटनेपेक्षा जास्त लोकशाही आहे," मी म्हटलं. वहिनी खूश झाली. नियम बनवणाऱ्यांत तीही होती.

नियम असे होते. नवी बाई चारही गटांच्या हळदी-कुंकवाला जाणार, एकही गाळायचं नाही. चारही ठिकाणी खायला तेच: तिळगूळ, एक तिखटमिठाचा पदार्थ, चहा. वाण सगळीकडे सारखं. त्या वर्षी पाच दिरहमची, म्हणजे सत्तर रुपयांची, स्टीलची वाटी. नवरा काय करतो, गाडी कोणती, घर केवढं, हे विचारायचं नाही. "तू आमच्याकडेच ये हं" असं म्हणायचं नाही. नव्या बाईच्या सोबतीला एक तटस्थ ताई. ती स्वतःही कुठल्या तरी गटातलीच, पण कुठल्या ते नव्या बाईला कळू द्यायचं नाही, आणि भरती संपेपर्यंत स्वतःच्या गटातल्या मैत्रिणींशीही तिने बोलायचं नाही. शेवटी नवी बाई आपली पसंती क्रमाने सांगणार (जुळणीपर्यंत ती बदलायचीही मुभा), गट त्यांची सांगणार, आणि समिती दोन्ही ताडून बघणार. याला जुळणी म्हणत. जुळणीनंतर चारही गट सारख्या संख्येचे राहिले पाहिजेत. आणि कुणी बाहेर राहता कामा नये.

आणखी एक नियम. शेवटचं हळदी-कुंकू झालं की जुळणी होईपर्यंत मौन. गटातल्या कुणीही, किंवा गटातल्या बाईच्या घरातल्या कुणाही स्त्रीने, नव्या बाईशी बोलायचं नाही. फोन नाही, डबा नाही, गाडीतून सोडणं नाही, हसून मान डोलावणंसुद्धा नाही. म्हणजे मागच्या दाराने कुणी कुणाला फोडायचं नाही. बोलायचं ते फक्त तटस्थ ताईने.

दोन-तीन दिवसांचा प्रश्न असायचा. त्या वर्षी जुळणी रथसप्तमीला ठरली होती.

वरची बाई डिसेंबरात आली. सांगलीकडची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, त्यातले बरेच महिने ती सासरी आणि नवरा इथे. संक्रांतीआधी कपडे वाळत घालताना आम्ही गच्चीवर बोलायचो. तिचं बोलणं भरभर, हसणं त्याहून भरभर. तिच्या नवऱ्याची साइट जानेवारीतच बंद पडली होती आणि कंपनीने त्याला रास अल खैमाला, एका सिमेंट कारखान्याच्या कामावर टाकलं होतं. तिथे चौघांत एक खोली. तो गुरुवारी रात्री यायचा, शनिवारी संध्याकाळी जायचा. "ते म्हणतात, इथे तुझी माणसं झाली तर राहा. नाही झाली तर एकटीला मी ठेवणार नाही, परत पाठवणार," ती मला म्हणाली. "मला परत नाही जायचं हो. तिथे मी फक्त भाकरी करते. गट मिळू दे एक. कुठलाही चालेल."

वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. तिला हवा होता कुठलाही एक गट. त्यावर तिचं इथे राहणं न राहणं ठरणार होतं, आणि हे चारही गटांना ठाऊक होतं. विचारायचं नाही असा नियम होता, कानावर येऊ द्यायचं नाही असा नव्हता.

ती चारही हळदी-कुंकवांना गेली. पसंती सांगून झाली. आणि मौन सुरू झालं. गोड बोला म्हणत तिळगूळ हातावर ठेवणाऱ्या बायकांची तोंडं दुसऱ्या दिवशी सकाळपासून बंद.

रथसप्तमी आली आणि गेली, जुळणी झाली नाही. कारण गटांची मोजणीच होईना. मंदी आली होती, दर आठवड्याला कुणाच्या तरी नवऱ्याची नोकरी जात होती. कर्जाचे हप्ते थकलेले, म्हणून जाणारे सांगून जात नव्हते. "थोडे दिवस इंडियाला जाऊन येतो" म्हणायचे आणि घरात कपाटं भरलेली, फ्रिज चालू, बाल्कनीत टॉवेल वाळत. अशी बाई गटात धरायची की सोडायची? ज्या गटातली गेली तो म्हणायचा, आमची एक कमी झाली, आम्हाला एक जास्त द्या. बाकीचे म्हणायचे, ती येणार आहे, तिचा टॉवेल आहे अजून. खरंच असं बोलणं झालेलं आहे. वहिनी फोन ठेवून मला सांगायची आणि मला हसूही यायचं आणि अंगावर काटाही.

आमच्या मागच्या तीन बिऱ्हाडांपैकी दोन अशीच गेली. एका घराचा एसी महिनाभर चालू होता. भिंतीला कान लावला तर तो घरघरताना ऐकू यायचा, कुणीतरी आत झोपलंय असं वाटायचं. गल्लीत तीन गाड्या धुळीने एकाच रंगाच्या झाल्या होत्या. भाचीने त्यातल्या एकीवर बोटाने मांजर काढलं. पंधरवड्याने वारं सुटलं, मांजर पुसलं गेलं, तिने पुन्हा काढलं.

नव्या बायकाही जाऊ लागल्या. त्या वर्षी भरतीत पाच-सहा जणी होत्या. एकेक करत सगळ्या परतल्या. मार्च संपता संपता उरली फक्त आमच्या वरची. चार गट, त्यांवर एक समिती, आणि भरतीला उभी एक बाई. आणि तिची तटस्थ ताईही गेली, नवऱ्याबरोबर, अठ्ठेचाळीस तासांत. नवी ताई नेमायची तर चारही गटांची संमती हवी. संमतीसाठी बैठक हवी. बैठकीला लागणारी संख्या भरत नव्हती. म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर त्या बाईशी बोलण्याची परवानगी आता या देशात कुणालाच नव्हती.

तिला हिंदी तुटकं यायचं, इंग्रजी नाही. मागचं उरलेलं बिऱ्हाड मलबारी बॅचलरांचं; ते तिला बघून आदराने खाली मान घालून जायचे. दादाला मी म्हटलं, तुला तर नियम लागू नाही, तू तरी विचार. तो म्हणाला, "एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात मी कशाला जाऊ? वेडी आहेस का?" त्याचंही बरोबर. त्या दिवसांत सगळ्यांचंच बरोबर होतं.

एकदा संध्याकाळी आम्ही सुपरमार्केटमध्ये होतो. भाजीच्या रांगेत वहिनी, पलीकडे दुसऱ्या गटातल्या दोघी. आमच्या वरची बाई ट्रॉली घेऊन वळली आणि समोरच आली. ट्रॉलीत एक कोथिंबिरीची जुडी आणि दूध. सगळ्यांनी नजर काढून घेतली. एकीने दुधी उचलून त्यावरची किंमत वाचायला सुरुवात केली आणि वाचतच राहिली. ती वहिनीच्या अगदी जवळ आली आणि वहिनीच्या पर्सच्या पट्ट्याला तिने बोट लावलं. वहिनी हातावर पाल पडल्यावर बाई जशी थिजते तशी उभी राहिली. मग ती खाली वाकली आणि माझ्या भाचीला हळूच म्हणाली, "मी दिसते ना गं तुला?"

"येस," भाची म्हणाली.

"बरं झालं," असं म्हणून ती ट्रॉली ढकलत गेली.

भाचीच्या शाळेत शिक्षा म्हणून मुलांना एकटं बसवायचे, त्याला टाइमआउट म्हणत. गाडीत तिने विचारलं, "मम्मा, इज शी इन टाइमआउट?"

"नाही गं बाळा. मोठ्यांचं असतं काहीतरी."

"बट व्हॉट डिड शी डू?"

वहिनीने गाडीतला रेडिओ लावला.

आणि मग ते आवाज. एप्रिलमध्ये ऊन चढायला लागलं, दुपारी गल्ली मेल्यासारखी व्हायची. अशा वेळी वर पाय वाजायला लागायचे. पहिल्यांदा मला वाटलं, तिच्याकडे कुणीतरी आलं. बरं वाटलं. मग नीट ऐकलं. ती मंगळागौरीचे खेळ खेळत होती. श्रावणात स्पर्धा, त्याची तयारी. झिम्म्यात एक टाळी आपली आपल्या हातावर, एक समोरचीच्या हातावर. वर एक टाळी वाजायची, मग दुसरीची जागा रिकामी जायची, मग पुन्हा एक. गाणं म्हणायची तेही तसंच. आपली ओळ म्हणायची आणि थांबायची. समोरच्या बाजूने उत्तर येतं तेवढा वेळ बरोबर थांबायची. मग पुढची ओळ. ती शांतता इतकी मापात असायची की तिच्यात कुणीतरी उभं आहे असंच वाटावं.

वहिनी खाली कणीक मळत होती. वर ओळ थांबली. मी वहिनीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. उत्तराची ओळ ती म्हणत होती, आवाज न करता. वर पुढची ओळ सुरू झाली तशी वहिनीने ओठ मिटले आणि कणकेला ठोसा मारला.

"वहिनी, वर जा," मी म्हटलं.

"गप बस."

"अगं तू उत्तर देतेयस तिला!"

"मी काही देत नाहीये. आणि पुढारीणबाई, तुला काय वाटतं, मला दगड घातलाय आत? मी गेले वर तर उद्या बाकीचे तीन गट म्हणतील, एकाच घरात राहतात, हिने फोडली. मग तिचीच जागा जाईल. तिच्यासाठीच पाळतेय मी हे."

हे ती मनापासून बोलत होती. मी जितक्या निष्ठावान माणसांना भेटले त्यांतली फार थोडी वहिनीइतकी निष्ठावान होती. मला भीती वाटली ती याचीच.

दुसऱ्या दिवशी वहिनी भाचीला शाळेतून आणायला गेली तशी मी जिना चढले. बेल वाजवली. आतले पाय दारापाशी आले आणि थांबले. दार उघडेना. "मी आहे, खालची," मी म्हटलं. दार चार बोटं उघडलं. ती वाळली होती. साडी मात्र इस्त्रीची, केसात पिन, कपाळाला कुंकू, कुठे निघाल्यासारखी.

"तुम्ही जा," ती कुजबुजली. "कुणी बघेल. माझी जागा जाईल."

"कोण बघणार? गल्लीत कुणी उरलंय का?"

"बघतात. परीक्षा आहे ना ही." तिचे डोळे चमकत होते. "काल दुकानात त्या निळ्या ड्रेसवाल्या ताई माझ्या बाजूने गेल्या, ढुंकूनही बघितलं नाही. किती कडक पाळतात! मीपण पाळणार. गेल्या वेळेला चुकून तुमच्या वहिनींना बोट लागलं माझं. त्यांनी सांगितलं नाही ना कुणाला?"

मला पत्रकातली सगळी वाक्यं येत होती, त्या दारात एकही आठवेना. मी विचारलं, दिवसभर काय करतेस?

"खेळ करते. स्वयंपाक करते. कधी कधी वाटतं, आपण आहोत का नाही. मग नळ सोडते. पाण्याचा आवाज येतो. म्हणजे आहे मी, सोडला कुणीतरी." आणि ती हसली, पूर्वीसारखं भरभर.

मी तिला सांगितलं, परीक्षा वगैरे काही नाही. बाकीच्या सगळ्या गेल्या, तू एकटीच उरली आहेस, खाली त्यांची नुसती मोजणी अडलीय. ती ऐकत होती, पण मी भिंतीआडून बोलतेय अशी. शेवटी म्हणाली, "जुळणी झाली की निवांत बोलू हं आपण," आणि दार लावलं. आत नळ सुटल्याचा आवाज आला.

रात्री मी वहिनीला सगळं सांगितलं. लपवणं माझ्या स्वभावात नाही, आणि मला वाटलं, नळाचं ऐकून ती उठेल आणि वर जाईल. ती उठली. तिने फोन उचलला आणि आपल्या गटप्रमुखांना सांगितलं, माझ्या घरातून मौन मोडलं गेलंय, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

"वहिनी, हे काय केलंस?"

"माझ्या घरात नियम मोडला तर मी झाकू? मग काय अर्थ राहिला?"

दादा टीव्हीसमोर बसून होता. तो म्हणाला, "आता बोलवतील बघ बैठक. इतके दिवस संख्या भरत नव्हती, आता भरेल."

भरली.

म्हणून तो मे महिन्यातला शुक्रवार. दादाने आम्हाला गाडीने दुबईला नेलं. तिला नेता येत नव्हतं, मौन होतं. बैठकीचं दादाने तिच्या नवऱ्याला फोनवर कळवलं होतं; त्याला त्या आठवड्यात सुट्टी नव्हती, म्हणून ती सकाळीच एकटी बसने निघून आमच्या आधी पोहोचली होती आणि हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मोरपंखी साडी. आत बायका जेवत होत्या. हात धुवायला जाणारी प्रत्येक बाई तिच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावरून गेली आणि तशीच परत आली.

समितीच्या अध्यक्षांना सगळे मावशी म्हणत. प्रेमळ बाई, आवाज मऊ. त्या म्हणाल्या, "अगं, आमचा राग नाहीये तिच्यावर. तुझ्यावरही नाही. पण एकदा संपर्क झाला की पसंती शुद्ध राहत नाही. तिने तुझ्या वहिनीचा गट पहिला सांगितला असेल तर? नसेलही. पण शंका आली ना?"

"मग तिला शेवटच्या पसंतीचा गट द्या. तिला कुठलाही चालणार आहे."

"कुठलाही कसा चालेल? पसंतीला काही मान आहे की नाही?"

"तिला विचारा ना. बाहेर बसलीय."

"बोलता येत नाही," तिसऱ्या गटाच्या प्रमुख म्हणाल्या, "मौन आहे."

मी म्हटलं, मौन सोडा. चार गट एका बाईपुढे तोंड शिवून बसलेत, स्पर्धा कुणाशी आहे तिची? तो जिना आहे, देशाची सीमा नाही, एकेकीने वर जाऊन या. मागून कुणीतरी म्हणालं, "पुण्याची ना ही? वाटलंच," आणि थोडा हशा झाला.

मग मावशींनी जे सांगितलं ते मी शब्दशः देते, कारण हे वाक्य मला आजवर कुणी खोडून दाखवलेलं नाही आणि ते खोडलं गेलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "आता बाई एक आणि गट चार. ती एकाला दिली तर तीन गटांवर अन्याय. संख्याही बिघडते. कुणालाच दिली नाही, तर कुणावरच अन्याय नाही."

सगळ्यांना ते पटलं. मला दिसत होतं, खरोखर सुटल्यासारखं वाटलं सगळ्यांना. एकीने सुचवलं, पुढच्या संक्रांतीला तिने पुन्हा यावं, तिच्यासाठी दार उघडं आहे. हात वर झाले. वहिनीचा हात नव्हता. ती प्रमुख नव्हती, तिला मत नव्हतं. ती रडत होती आणि वाटीतलं श्रीखंड चमच्याने एका बाजूला करत होती.

यापुढचं मला सगळ्यात नीट आठवतं.

नाव काढलं, त्या क्षणी ती उमेदवार राहिली नाही. उमेदवार नाही, म्हणजे मौन नाही. हॉलचं दार उघडलं आणि बायका बाहेर आल्या आणि सगळ्या एकदम तिच्याशी बोलायला लागल्या. "अगं किती वाळलीस गं!" "जेवलीस का? ताट करू?" "साडी काय सुंदर आहे, इथली की तिकडची?" कुणी तिचा हात हातात घेतला, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुधीवरची किंमत वाचणारी बाई तर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. इतक्या महिन्यांचं साचलेलं प्रेम होतं ते, खरंखुरं, एकीनेही नाटक केलं नाही. पॅसेजमध्ये नुसता कलकलाट.

ती एकेकीकडे बघत होती. चेहरा उजळत गेला. तिला कोण काय सांगणार? निकाल सांगायचं काम तटस्थ ताईचं, आणि ताई तर नागपूरला. तिने आपला हिशोब आपणच केला: बोलतायत, म्हणजे मौन सुटलं. मौन सुटलं, म्हणजे जुळणी झाली. ती उभी राहिली, पदर नीट केला आणि लाजत विचारलं, "कुठला गट मिळाला मला?"

शेजारी बसलेली बाई खुर्ची मागे सरकवून उठली.

मी सांगितलं. दुसरं कोणी सांगणार नव्हतं. ती ऐकून "बरं" म्हणाली आणि खाली बसली. मावशींनी तिच्या हातात ताट दिलं. ती जेवली. सगळं संपवलं तिने, पानात काही टाकलं नाही.

परतताना ती आमच्याच गाडीत होती, आता चालत होतं. दुबई ते खलिफा सिटी वहिनी मागे वळून वळून तिच्याशी बोलत होती: एसी लागतोय का, पाय लांब कर, उद्या सकाळी चहाला खालीच ये. ती "हो, हो" म्हणत होती. आमचं वळण आलं तेव्हा तिने दादाला सांगितलं, "भाऊजी, सावकाश. मला काही घाई नाही आता."

पुढच्या गुरुवारी नवरा आला आणि शनिवारी तिला विमानात बसवून एकटाच रास अल खैमाला परत गेला. वहिनीने लाडू बांधून दिले. ती गेल्यावर वहिनीने गट सोडला. त्याने काय झालं? त्या गटाची संख्या आणखी एकने कमी झाली आणि समितीने ती रीतसर मोजली.

मी त्या वर्षाखेर पुण्याला परतले. तिचा पत्ता मी वहिनीकडून घेतला होता. एकदा फोन लावला. सासूने उचलला, म्हणाली, आहे ना, आत आहे, पण ती आता फोनवर फार बोलत नाही. त्यानंतर दोनदा लावला. तेच.

आता तुम्ही. हे वाचताना तुम्ही समितीच्या बायकांवर चिडलात तर तो माझा पराभव समजेन. त्या वाईट नव्हत्या. त्यांचे बहुतेक नियम आजही मी कुणालाही डोळे मिटून देईन: सारखं वाण, सारखा चहा, नवऱ्याचा हुद्दा विचारू नका, कुणाला बाहेर ठेवू नका. हे पाहिजेच. पण तुमच्याही मंडळाला, क्लबला, सोसायटीच्या महिला शाखेला अशी नियमावली असणार. ती काढा. जिथे जिथे "निर्णय होईपर्यंत संपर्क नाही" असं लिहिलंय तिथे पुढे एक शेवटचा दिवस लिहा, आणि तो दिवस उलटला की निर्णय झाला नसला तरी तोंडं उघडतील, असंही लिहा. मोजणी बिघडली तर माणूस ठेवा, मोजणी सोडा. एक गट एकीने मोठा झाला तर होऊ द्या. कुणी म्हणेल, "मग बाकीच्या गटांवर अन्याय." त्यांना विचारा, कुणाचं काय गेलं, नाव घेऊन सांगा. नाव सांगता येणार नाही त्यांना. मला सांगता येतं, पण ते तिचं आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

आणि बैठक महिन्याअखेर असेल तर तोवर वाट बघू नका. तुमच्या जिन्यात नवीन राहायला आलेली जी बाई आहे, जिला तुम्ही अजून नुसती मान डोलावता, तिचं दार आज वाजवा. तिने चार बोटंच उघडलं तर तिथेच उभ्या राहा, ती पूर्ण उघडेपर्यंत.